समोरून एक फोटो

वहिनींचा फोन आला तेव्हा मी जमिनीवर बसून खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलत होते. पावसाळा संपला की हे काम निघतंच. पनवेलच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि माझ्या घरात कागदाशिवाय दुसरं फारसं काही नाही. पलंगाखाली प्रिंट, कपाटावर प्रिंट, पाहुण्यांनी ज्याच्यावर बसायचं त्या दिवाणाच्या पोटातही प्रिंट. कंबर धरली होती, आणि हे सगळं आता कुणासाठी करायचं, असं मी सकाळपासून स्वतःला विचारत होते. अशा वेळी फोन वाजला की मला राग येतो. तरी घेतला.

"ताई, ह्यांचा एक चांगला फोटो शोधून द्या ना," वहिनी म्हणाल्या. "वर्षश्राद्ध आलंय. भिंतीवर लावायला काही नाही."

ह्यांचा म्हणजे माझ्या मित्राचा. तो लँडस्केप काढायचा, आणि मी त्याच्या व त्याच्यासारख्या इतरांच्या फोटोंची प्रदर्शनं मांडायचे, त्यांच्यावर लिहायचे. माझं निम्मंअधिक लिखाण त्याच्या फोटोंवरचं आहे. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर तो झोपेतच गेला. वहिनी कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहिल्या.

जन्मभर फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक फोटो नाही म्हणजे काय, असं मी जरा फटकळपणेच म्हणाले. त्या मग म्हणाल्या की म्हणूनच तर तुम्हाला विचारतेय.

तेराव्याला ठेवलेला फोटो मला आठवत होता. बाजारातल्या स्टुडिओवाल्याने आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून दिलेला. डोळे तारवटलेले, तोंड जरासं उघडं, आता शिंक येणार आणि येत नाहीये असा. त्यावर त्या भल्या माणसाने स्वतःच्या मनाने कोट आणि टाय चढवला होता. माझ्या मित्राने लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता. दिवसकार्य संपल्यावर वहिनींनी तो फोटो उतरवून कपाटात ठेवला, आणि खिळा तसाच राहिला. येणारा जाणारा विचारायचा, फोटो लावला नाहीत का अजून. शेजारणी विचारायच्या, नणंदा विचारायच्या. वर्षश्राद्धाला माणसं येणार, हार आणणार, आणि हार घालायला फोटो नसला तर वहिनींना तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

त्यांची मुलगी परदेशात असते. तिने फोनमध्ये होते नव्हते ते सगळे फोटो पाठवून दिले होते. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत घास तोंडात, वाढदिवसाला अर्धा दाराआड, आणि उरलेल्या सगळ्यांत कॅमेरा डोळ्याला. घरातलं कुणी फोन रोखला की हा लगेच आपला कॅमेरा वर करायचा. सगळे हसायचे. तो एक खेळच झाला होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये मात्र तो समोर बघतो आहे, पण तो पंचविशीतला बारीक मिशीवाला मुलगा. तो लावला तर ह्या फोटोखाली मी ह्यांची आई दिसेन, असं वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, बघते. माझ्याकडे असणारच, ह्याबद्दल मला शंका नव्हती. इतकी वर्षं त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडले ती काय उगीच.

माझं काम काय, हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. सोसायटीत मी 'फोटोवाल्या मॅडम' आहे, आणि पासपोर्टचा फोटो कुठे चांगला निघतो ते विचारायला लोक माझ्याकडे येतात. सुरुवात झाली ती रविवारच्या पुरवणीत लिहिलेल्या एका लेखापासून. मग कुणीतरी म्हणालं, एवढं लिहिता तर फोटो निवडूनही द्या. निवडायला गेले ती तिथलीच झाले. ढिगातून थोडे फोटो काढायचे, कशाशेजारी काय लावायचं ते ठरवायचं, फ्रेमवाल्याशी भांडायचं, टेम्पोत कुठलं खोकं उभं ठेवायचं आणि कुठलं आडवं ते उन्हात उभं राहून बघायचं, आणि भिंतीवर लावायचा मजकूर लिहायचा, जो कुणी वाचत नाही. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे उशिरा येतात. आले की थेट सूर्यास्तासमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतात. पुढे पुढे मी सूर्यास्त निवडणंच सोडलं. इतके बघून झालेत की खराखुरा दिसला तरी मान वळवावीशी वाटत नाही.

त्याला सूर्यास्तात रस नव्हता, म्हणून आमचं जमलं. त्याला खाडीकाठच्या खाजणाची जमीन आवडायची, ओहोटीनंतरचा चिखल, मिठागरांचे बांध, आणि उलव्याकडच्या टेकड्या. कारखान्यातली नोकरी सांभाळून तो सुटीच्या दिवशी निघायचा, निवृत्त झाल्यावर जवळजवळ रोज. त्या टेकड्या धड होत्या तेव्हापासून, त्या कापल्या जात होत्या तेव्हा, आणि आता सपाटीवर क्रेन आणि अर्धवट इमारती दिसतात तोवर, तो त्याच जागांवर जाऊन उभा राहत होता. मी त्याच्याबरोबर जायचे, कारण मला माझं लिखाण नीट करायचं असायचं. फोटो नेमका कुठून काढला, कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं, हे ह्या मंडळींना महिन्याभराने आठवत नाही. मग ते खुशाल ठोकून देतात. म्हणून मी माझी एक पद्धत ठेवली होती. त्याने ट्रायपॉड लावला की मी थोडं मागे जायचे आणि माझ्या साध्या कॅमेऱ्याने, नंतर फोनने, ती जागाच टिपून ठेवायचे. ट्रायपॉड, तो, आणि त्याच्यासमोर जे असेल ते. ह्याला मी नोंदीचे फोटो म्हणायचे. प्रदर्शनात ते कधी लागले नाहीत, लागायचा प्रश्नच नव्हता, पण त्यांच्यामुळे माझ्या मजकुरात दिशेची चूक कधी झाली नाही. ह्याचा मला फार अभिमान होता.

वहिनींच्या फोननंतर मी ते नोंदीचे फोटो काढून बसले. दुपारी जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा आणि डोळे चुरचुरायला लागले की मिटायचा, असं काही दिवस चाललं. फोटो खूप निघाले. प्रत्येकात तो होता. आणि प्रत्येकात त्याची पाठ होती.

आधी मला हसू आलं. मग मी घाईघाईने पुढे जाऊ लागले, पुढच्यात वळला असेल, त्याच्या पुढच्यात वळला असेल. पट्टा खांद्यावर, रुमाल मानेवर, कोपरं बाहेर काढून वाकलेला. सुरुवातीच्या फोटोंत डोक्यावर दाट केस. मग मागच्या बाजूला टक्कल दिसायला लागलेलं. मग टोपी आली. मग टोपीखालचे केस पांढरे झाले. उजवा खांदा बॅगेच्या ओझ्याने हळूहळू खाली आला होता. एक माणूस माझ्यासमोर म्हातारा झाला, आणि मला तो सगळा मागून दिसला होता. मला रडू आलं नाही. फार थकल्यासारखं वाटलं, एवढंच, आणि त्या दिवशी मी पुढचं काही बघितलं नाही.

एका फोटोत, त्याच्या पाठीपलीकडे अगदी कडेला, बांधावर टोपली घेतलेली एक कोळीण होती. तो दिवस मला लख्ख आठवला. समोर खाडी, पाणी संथ, आणि ही बाई नेमकी कडेला येऊन उभी. फ्रेममध्ये माणूस आला की आमच्याकडे फोटो बिघडला म्हणतात, त्यामुळे तो ती जाण्याची वाट बघत राहिला. ती काही हलेना. उजेड उतरायला लागला. शेवटी मी चिखल तुडवत तिच्याकडे गेले, तर तीच वैतागलेली. म्हणाली, "तुमचा झाल्याबिगर आमी कशा जानार? मधी येनार नाय का आमी? कवाची थांबलीय." ती आमच्यासाठी थांबली होती आणि आम्ही तिच्यासाठी. मी म्हटलं, जा बाई तू. ती गेली, आणि तिच्या मागे त्याने रिकामी खाडी टिपली. तो फोटो पुढे खूप गाजला. त्यावर मी लांबलचक लेख लिहिला होता, त्यात निर्जन हा शब्द मी बऱ्याच वेळा वापरला होता.

सगळे फोटो संपत आले तेव्हा एक सापडला. त्यात तो वळलेला होता. माझी सावली त्याच्या समोरच्या खडकावर पडत होती, आणि तो मागे हो, मागे हो, म्हणून हात हलवत होता. तळवा थेट तोंडासमोर. नाक, तोंड, हनुवटी सगळं हाताखाली. वर फक्त डोळे, आणि ते वैतागलेले.

पाठमोऱ्यांतले काही बरे बरे निवडून आणि हा एक घेऊन मी कामोठ्याला गेले. त्यांच्या इमारतीत खाली क्लासेस आहेत, रिक्षा दारापर्यंत जात नाही, पोरांच्या सायकलींतून वाट काढावी लागते. खरं सांगायचं तर वहिनींचं आणि माझं फार कधी जमलं नाही. भांडण असं नाही. मी त्यांच्या घरी गेले की मी आणि तो टेबलावर फोटो पसरून बसायचो, त्या चहा ठेवून आत जायच्या. लोक काय बोलत असतील ते त्यांच्या कानावर आलं असणारच. त्यात काही तथ्य नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं असं मी धरून चालले होते, पण त्यांना कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी त्या पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसल्या. मी एकेक फोटो दाखवत गेले. हे कुठलं, ते त्या विचारायच्या. हा न्हावा गावाच्या बाजूचा, हा कर्नाळ्याच्या पायथ्याचा. त्यांनी ह्यातली एकही जागा पाहिली नव्हती. इथे डबा कुठे बसून खायचात, असं त्यांनी विचारलं, आणि तो डबा त्या पहाटे उठून करायच्या हे मला तेव्हा कुठे आठवलं. मी सांगितलं, ह्या दगडावर, त्या झाडाखाली. भेंडी असली की तो मला द्यायचा, हेही सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. आयुष्यभर भेंडी करत आले, म्हणाल्या.

मग मी माझ्या मनातलं बोलले. पाठमोऱ्यांतला एक खरोखरच सुंदर होता. उलव्याची अर्धी कापलेली टेकडी, आणि तिच्यासमोर तो, लहानसा, ताठ. मी म्हटलं की हाच लावा. ह्यात त्याचं सगळं आयुष्य आलं आहे. भिंतीवर असा फोटो कुणी लावत नाही हे खरं, पण लोकांना मी समजावून सांगेन, हवं तर खाली दोन ओळी लिहून देते. मी बरंच बोलले. प्रदर्शनात बोलते तशी.



"पाठ मी रोज बघत होते, ताई," त्या म्हणाल्या. "हे पहाटे निघायचे, आणि दार लावून घ्यायला मी यायचे, तेव्हा. मला तोंड हवंय."

 मी तो हातवाला फोटो दाखवला. त्या एकदम पुढे झुकल्या. हे ह्यांचेच डोळे, म्हणाल्या, चहात साखर जास्त झाली की असेच बघायचे. मग पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, हा हात काढता येईल का. आजकाल सगळं करतात म्हणे.

म्हणून आम्ही दोघी रिक्षाने पनवेलच्या बाजारात त्या स्टुडिओवाल्याकडे आलो. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही काकू, एआयने हात काढतो, खाली चेहरा आपोआप येतो. मला हे सगळं नको वाटत होतं, पण वहिनींचं तोंड बघून गप्प बसले. त्याने काहीतरी दाबलं, थोडं थांबला, आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. हात गेला होता. सरळ नाक, एकसारखे दात, आणि सिनेमातल्या चांगल्या वडिलांना असतं तसं मंद हसू. माझ्या मित्राचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता.

वहिनी स्क्रीनजवळ सरकल्या.

"डोळे ह्यांचे आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीचा कोण आहे?"

स्टुडिओवाल्याने हसू कमी करून दाखवलं. मिशी लावून दाखवली, काढून दाखवली. दर वेळी नवा माणूस यायचा. मला त्या क्षणी माझ्या मित्राचा भयंकर राग आला. एवढा जन्मभर कॅमेऱ्यामागे दडलास, एकदा, फक्त एकदा, बायकोसाठी समोर उभं राहायला तुला काय झालं होतं? हे मी मोठ्याने म्हणाले नाही. पण ते वहिनींच्या मनात आधीपासूनच असावं, कारण त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि राहू द्या म्हणाल्या. आधारवालाच लावायचा, असं त्यांनी त्याला सांगितलं, फक्त कोट काढा, साधा शर्ट असू दे. त्याने पांढऱ्या रेघांचा शर्ट घालून दिला. तसे शर्ट निदान माझा मित्र घालायचा तरी.

मी पर्स उचलली. वहिनी उठल्या नाहीत. त्या पडद्यासमोरच्या स्टुलाकडे बघत होत्या. म्हणाल्या, आलेच आहे तर माझाही काढून ठेवते, मागून कुणाला शोधाशोध नको. आणि जाऊन स्टुलावर बसल्या, केस सारखे केले, पदर घेतला. मागे काय टाकू, डोंगर आहेत, धबधबा आहे, असं तो विचारायला लागला. काही नको, म्हणाल्या. त्यांना बघायचं कुठे ते कळेना. मान खाली जायची, नाहीतर दाराकडे. काकू इकडे, काकू इकडे, करून तो दमला. मी कॅमेऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, वहिनी, माझ्याकडे बघा. त्यांनी बघितलं. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला माहीत नव्हतं.

मग त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही बसा.

मी नको नको केलं. माझा फोटो कशाला? मी एकटी. भाऊ होता तो गेला, भाचरं लांब, त्यांच्या भिंतींवर टीव्ही. "लावणार कोण?" मी हसत म्हटलं. पण आवाज माझ्या मनासारखा निघाला नाही.

त्यांनी पर्समधला कंगवा काढून माझ्या हातात दिला. मी केस विंचरले आणि बसले. वहिनी कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, मघाशी मी होते तिथेच. दिवे डोळ्यांत घुसत होते, त्यांच्यामागे त्या धड दिसत नव्हत्या, तरी मी तिकडे बघत राहिले. झालं, तो म्हणाला.

प्रिंट तिथल्या तिथे निघाल्या. त्याने कडा कापल्या आणि तीन पाकिटं काऊंटरवर ठेवली, एक माझ्या मित्राचं, एक वहिनींचं, एक माझं. वहिनींनी माझं पाकीट उघडलं. आत दोन प्रिंट होत्या. त्यातली एक त्यांनी चष्मा लावून नीट बघितली, नवऱ्याच्या फोटोच्या पाकिटात सरकवली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

"ही माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "तुमच्यामागे मी असले, तर मी लावीन."